हेदवाडीचे अकरा सांडवे

“चर कोणी फोडले?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी,” मधाळे सर म्हणाले.

टाइप करणारी मुलगी थांबली. पुढे आणखी काही येणार असं तिला वाटलं असावं. सरकारी माणसाच्या तोंडून एवढं छोटं उत्तर तिने कधी ऐकलं नसणार. बराच वेळ काही आलं नाही, तेव्हा तिने ते एकच अक्षर टाइप केलं आणि पुन्हा सरांकडे बघितलं.

माझ्या शेजारी बसलेल्या, आमचे कार्यालयप्रमुख असलेल्या इंगवले साहेबांनी कपाळाला हात लावला. दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी सरांना व्हरांड्यात बाजूला घेऊन समजावलं होतं. ते मला सगळं ऐकू आलं, कारण आमच्या कोल्हापुरात कानात सांगितलेलंही चार माणसांना ऐकू जातं. “गावानं फोडलं म्हणा की. एवढंच म्हणायचं हाय. विषय संपला.” सर म्हणाले होते, “वाडीतल्या सयाजीला पोलीस उचलतील, साहेब.” तर साहेब म्हणाले, “उचलतील आन दोन दिसांत सोडतील. त्येला कुठं नोकरी हाय जायाला?” सरांनी त्यावर तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं, पटलं बहुतेक. मी तीच आशा धरून आत आले होते, हे आता सांगायला लाज वाटते.

मी स्नेहल तिवले, अनुरेखक. म्हणजे साहेब लोकांनी पेन्सिलीने आखलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारी बाई. आता संगणक आलाय, पण चंदगडच्या आमच्या कार्यालयात पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज नसायची, त्यामुळे माझी शाई कधी वाळली नाही. आणि ज्यांची चौकशी चालली होती ते प्रसेनजीत धोंडीराम मधाळे, गडमुडशिंगीचे, मृद-जलसंधारणातले तज्ज्ञ. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पावसाचं पाणी डोंगरावरून उतरताना माती सोबत घेऊन जाणार नाही, एवढं बघायचं. त्यांचे वडील बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होते. सर म्हणायचे, आमच्या घरात मातीशिवाय दुसरा विषयच नाही.

त्यांच्या मोटरसायकलला हातभर लांबीची एक लोखंडी सळई बांधलेली असायची. कुठे थांबले की ती जमिनीत दाबून बघायचे. कार्यालयाच्या खिडकीत त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवून सकाळी बघायचं की वाळू किती खाली बसली आणि चिकण किती वर राहिली. शिपाई त्या बाटल्यांना मधाळे साहेबांचं लोणचं म्हणायचा. नव्या गावात गेले की सर आधी म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, तुमचा झरा कधी आटतो, कुठून फुटतो. मग सळई काढायचे. असा माणूस खात्यात असणं हे खात्याचं भाग्य. पण भाग्य ओळखायला खात्याला डोळे कुठे आहेत?

दोन वर्षांपूर्वी वरून आदेश आला, हेदवाडीच्या डोंगरावर सलग समतल चर घ्या. डोंगराच्या अंगावर आडवे, एका पातळीत खणलेले लांबच लांब चर. पाऊस त्यात साचतो, तिथेच मुरतो, खाली विहिरींना पाणी येतं. दुष्काळी भागात या चरांनी गावंच्या गावं उभी केली आहेत, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण हेदवाडी चंदगडच्या पश्चिम टोकाला. तिथे पाऊस मोजायची बाटली दिवसातून दोन-तीनदा रिकामी करावी लागते. वर लाल माती, तिच्याखाली ओल्या साबणासारखी चिकण आणि तिच्याखाली दगड. वरची माती पाणी पिऊन जड झाली की चिकणीवरून घसरणारच. तिथे पाणी मुरवायचं नसतं, वाटेला लावायचं असतं.

सरांनी दोन पानी अभिप्राय लिहिला. चर घ्यायचेच असतील तर दोनशे फुटांना एक फूट उतार द्या, म्हणजे पाणी न साचता सावकाश ओहोळाला जाऊन मिळेल. तेरा चरांचा नकाशा त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढला. महिनाभर डोंगर पायाखाली घालून काढला.

इंगवले साहेबांनी अभिप्राय वाचला आणि टेबलावर ठेवून दिला. त्यांना किती मीटर चर झाले हे दर सोमवारी वर कळवायचं होतं. आदेशात समतल म्हटलंय, नमुना नकाशात समतल आहे, तपासणीला येणारा माणूस समतलच तपासणार. उताराचा चर त्याला नापास दिसणार. साहेबांचं गणित एवढंच. सरांनी पुन्हा जाऊन सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा साहेब हसत म्हणाले, “मधाळे, तुमच्यातली माणसं वाद घालायला मात्र लई हुशार बघा.”

खोलीत आम्ही पाच जण होतो. दोघे हसले. मी हसले नाही, पण मी खाली कागदात बघत राहिले, आणि ते हसण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.  सरांनी आपला अभिप्राय उचलला, आवक टेबलावर नेला, त्यावर शिक्का मारून घेतला आणि पुन्हा साहेबांसमोर ठेवला. पुढे तो कागद फाइलमधून नाहीसा झाला. शिक्का मारलेला कागदसुद्धा नाहीसा होतो, हे मी त्या दिवसापर्यंत नोकरीच्या चौदा वर्षांत शिकले नव्हते.

नकाशा माझ्याकडे आला. साहेब म्हणाले, मॅडम, गिरवताना चर समपातळीच्या रेषांना समांतर घ्या. मी म्हटलं, सरांनी जरा तिरके घेतलेत. ते म्हणाले, “किती तिरके? डोळ्याला तरी दिसतंय का?” खरंच दिसत नव्हतं. त्या नकाशावर चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक होता अर्ध्या मिलिमीटरचा. पेनाच्या टोकाइतका. मी दोन दिवसांत तेरा चर गिरवले, प्रत्येकाचं खालचं टोक अर्ध्या मिलिमीटरने वर सरकवून. खाली अनुरेखन या शब्दापुढे माझी सही केली. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी काय साहेबांना आडवी जाणार, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मग मशीन आलं आणि त्याने चर खणले. ठेकेदाराचा माणूस कामाला इतका चोख की दर दहा मीटरवर पातळी तपासायचा. आयुष्यात एखादं सरकारी काम नकाशाबरहुकूम झालेलं बघायची माझी इच्छा होती, ती अशी पुरी झाली. आमच्या कार्यालयाचं अभिनंदनाचं पत्रही आलं. ते अजून भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी तेवीस जुलैला सकाळी सर हेदवाडीत पोचले तेव्हा सलग चार दिवस पाऊस धरून होता. वाडीतल्या म्हाताऱ्या बयाबाईच्या गोठ्यामागे जमिनीला भेग पडली होती, हात आत जाईल एवढी. आणि तिच्या परड्यातला झरा, जो भर पावसात घागर भरायला घटका लावत नसे, तो बंद झाला होता. पाऊस कोसळतोय आणि झरा कोरडा, म्हणजे पाणी आत कुठेतरी अडून बसलंय. सरांनी आधी अठरा घरांतली माणसं उठवून पलीकडच्या माळावरच्या शाळेत नेली. म्हातारी माणसं पाठीवर घेऊन नेली. बयाबाई म्हशी सोडल्याशिवाय हलेना, तेव्हा सरांनी स्वतः दावी कापली. मग साहेबांना फोन लावला. तीनदा लावला. साहेब चरांच्या प्रगतीच्या बैठकीत होते. हे मी मनाचं सांगत नाही, बैठकीच्या हजेरीपत्रकावर त्यांची सही आहे.

मग मला फोन आला.

“मॅडम, माझा पेन्सिलीचा नकाशा ठेवलाय का फाडलाय?”

फाडला नव्हता. गिरवून झाल्यावर मूळ कागद रद्दीत टाकायची पद्धत आहे, पण तो मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवून दिला होता. तो टाकायला हात धजला नाही, एवढंच खरं.

“काढा भायेर. कुठला चर कुठल्या टोकाला वहळाच्या जवळ जातोय ते वाचा. वरनं खाली.”

मी खिडकीशी उभी राहून वाचत गेले. पहिला चर, पूर्वेचं टोक, ओहोळ बारा मीटर. दुसरा, पूर्वेचं टोक, नऊ मीटर. पलीकडून पाऊस ऐकू यायचा, कुदळीचे घाव ऐकू यायचे, सयाजीची हाक ऐकू यायची. सयाजी म्हणजे बयाबाईचा मुलगा. त्याने वाडीतली दहा माणसं घेतली होती. फोन तुटला की मी पुन्हा लावायची. ते एकेका चराचं तोंड फोडत, पाणी ओहोळात सोडत खाली आले. अकरा फोडली. बाराव्याकडे निघाले तेव्हा सरांच्या पायाखालची जमीन हलली आणि त्यांनी सगळ्यांना माघारी पळवलं. चार वाजून दहा मिनिटांनी डोंगर आला.

डोंगर आला तो बाराव्या आणि तेराव्या चराखालचा. न फोडलेल्या. अकरा चरांखालचा डोंगर जागचा हलला नाही, आजही उभा आहे. बयाबाईचं घर, गोठा, खालची भाताची खाचरं गेली. माणूस एकही गेला नाही. चौऱ्याऐंशी माणसं शाळेत बसून ते बघत होती.

आणि पंधरा दिवसांनी खात्याचा अहवाल काय म्हणतो? मधाळे यांनी अनधिकृतपणे चर फोडल्यामुळे पाणी एकवटून भूस्खलन झाले. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. डोळे असलेला कुणीही माणूस हेदवाडीला जाऊन उभा राहिला असता तर त्याला दिसलं असतं, कुठला डोंगर पडलाय आणि कुठला उभा आहे. पण अहवाल लिहायला डोंगरापर्यंत जावं लागत नाही. तो कोल्हापुरात बसून लिहिता येतो.

तर डिसेंबरात ती चौकशी चालली होती. अधिकारी बाहेरचे होते, बोलायला सभ्य. कोणाच्या परवानगीने फोडले, विचारलं. सरांनी तीन फोनच्या वेळा सांगितल्या. कुठल्या नियमाखाली, विचारलं. सर म्हणाले, नियम माहीत नाही. मग त्यांनी हात जोडून विनंती केली.

“एक नोंद घ्या साहेब. त्या वेळी चौऱ्याऐंशी माणसं शाळेत होती.”

“ते प्रश्नात नाही,” अधिकारी म्हणाले.

ते खरंच प्रश्नात नव्हतं. छापील प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते. शासकीय कामाचं किती मीटर नुकसान झालं, असा एक प्रश्न होता. किती माणसं वाचली, असा नव्हता. मुलीने टाइप केलं नाही.

मला बोलावलं होतं ते फक्त नकाशा ओळखायला. हा नकाशा तुम्ही गिरवला का, एवढं विचारायचं, मी हो म्हणायचं आणि जायचं.

“हो,” मी म्हणाले. “आणि चुकीचा गिरवला.”

मग मी थांबले नाही. अर्धा मिलिमीटर सांगितला, नाहीसा झालेला अभिप्राय सांगितला, तेवीस तारखेचा फोन सांगितला. अकरा जागा मी वाचून दाखवल्या, म्हणून फोडण्यात माझाही हात आहे, तेही लिहा म्हटलं. पिशवीतून पेन्सिलीचा कागद काढून टेबलावर पसरला. कोणी सांगितलं होतं तुम्हाला असं गिरवायला, असं त्यांनी विचारलं आणि मी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. इंगवले साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. ते प्रेमाने हसले आणि म्हणाले, “मॅडम जरा भावनेच्या भरात हायत.” चिडले असते तर मी सहन केलं असतं. ते हसणं मला अजून झोपेतून उठवतं.

पेन्सिलीच्या कागदावर ना तारीख होती, ना सही, ना शिक्का. तो अनधिकृत कागद म्हणून त्यांनी मला परत केला. घडीसुद्धा नीट घालून दिली.

बाहेर चहाच्या गाडीवर सर माझ्यावर रागावले. म्हणाले, “तुमी कशाला पडला मधी? माझं पाच म्हैनं राह्यल्यात. तुमची वीस वर्सं हायत अजून.” मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे गप्प बसलात?  त्यांनी दोन्ही चहाचे पैसे दिले आणि आम्ही चंदगडच्या गाडीला बसलो.

फेब्रुवारीत निकाल आला. सरांवर ठपका, आणि खाली एक ओळ: फोडलेले चर मधाळे यांनी एकतीस मार्चपूर्वी बुजवून पूर्वीप्रमाणे समतल करावेत व अनुपालन अहवाल सादर करावा.

मी ती ओळ चारदा वाचली. ज्या तोंडांनी डोंगर तोलून धरला होता ती बुजवायची. पुढच्या जुलैत पुन्हा पाणी साचू द्यायचं. आणि हे ज्याने ती फोडली त्याच्याच हातून करून घ्यायचं. सूड घ्यायचा म्हणून कुणी हे लिहिलं असतं तरी मला कळलं असतं. पण यात सूडही नव्हता. कुणीतरी आधीच्या एखाद्या प्रकरणातलं वाक्य उचलून इथे चिकटवलं होतं, आणि चार जणांनी न वाचता त्याखाली सह्या केल्या होत्या.

त्याच पाकिटात माझीही एक ऑर्डर होती. बदली, कोल्हापूर. माझं घर कोल्हापूरला लागून, कळंब्याला. सहा वर्षं मी त्या बदलीसाठी अर्ज करत होते, मुलीची दहावी दाखवून, सासूबाईंचे गुडघे दाखवून. कोणी दाद दिली नव्हती. आता न मागता मिळाली. मला चंदगडमधून उचलायचं होतं हे उघड होतं. मी ती नाकारली असं सांगायला मला आवडलं असतं. मी ती घेतली.

जायच्या आधी सरांबरोबर हेदवाडीला गेले. शाळेच्या पायरीवर सरांनी आदेश वाचून दाखवला. वाडीतली माणसं उभी राहून ऐकत होती. सयाजी म्हणाला, मशीन वर येऊ देणार नाही, चाकाखाली झोपतो. बयाबाईने त्याला गप्प केलं. सत्तरीची बाई, घर गेल्यापासून भावाच्या पडवीत राहणारी.

“आण्णा,” ती सरांना म्हणाली, “ह्यो कागुद लिवणारा मानूस पावसात कदी आलाय व्हय हितं?”

“न्हाय, आक्का.”

“मग त्येला काय कळायचं? तुमास्नी काय करायचं हाय ते सांगा.”

सरांनी सांगितलं. नुसती फोडलेली तोंडं पावसाने ढासळत जाणार, ओघळ पडणार, माती निघणार. तिथे दगडाचे सांडवे बांधायला हवेत, म्हणजे जास्तीचं पाणी ठरल्या जागेवरून, ठरल्या उंचीवरून बाहेर पडेल आणि दगडावरून ओहोळात जाईल. चराच्या तळाला उतारही काढून घ्यायचा. पण दगड नाहीत आणि खातं देणार नाही.

“माजं घर पडलंय न्हवं?” बयाबाई म्हणाली. “चिरं तशीच पडल्यात मातीत. न्या.”

 त्या जांभ्या चिऱ्यांवर तिचं पुन्हा घर उभं राहायचं होतं. सर म्हणाले, घराला लागतील, आक्का. ती म्हणाली, डोंगर ऱ्हायला तर घराचं बघू.

नऊ दिवस काम चाललं. सरांनी रजा टाकली होती. बायकांनी मातीतून चिरे उकरले आणि डोक्यावरून वर नेले. मी शेवटचा एक दिवस होते. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन पातळी बघायची असते. एक टोक सरांकडे, एक माझ्याकडे. नकाशातला अर्धा मिलिमीटर जमिनीवर केवढा असतो ते मी त्या दिवशी चालून बघितलं. तीन ढांगा होत्या.

त्याच संध्याकाळी शाळेत बसून सरांनी अनुपालन अहवाल लिहिला. मी वाचला आणि हादरले. ‘अकरा चरांची तोंडे बुजवलेली नाहीत. तेथे दगडी सांडवे बांधले असून चरांना दोनशेस एक असा उतार दिला आहे. काम माझ्या निर्णयाने व माझ्या देखरेखीखाली झाले.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

मी म्हटलं, असं कशाला लिहिता? काम झालंय ना, काहीतरी गोलमाल लिहा. मेपर्यंत गप्प बसा, कोण बघायला येतंय इथे?

“आसं बगा,” सर म्हणाले, “म्या लिवलं न्हाय तर कागदावर हितं नुसतं फोडलेलं चर हायत. मी गेलो की दुसरा यील आन दोन तासांत बुजवून जाईल. पण सांडवा म्हणून नोंद झाली की त्ये बांधकाम झालं. बांधकाम पाडायला प्रस्ताव लागतोय, मंजुरी लागतीय, पाडायचं कारण लिवून द्यावं लागतंय. आन कारण लिवून सही कोण करणार? आपल्या खात्यात तसली हिंमत कुणात हाय?”

तीस वर्षांत खात्याने त्यांना जे शिकवलं होतं, ते सगळं त्यांनी त्या सहा ओळींत वापरलं होतं. स्वतःला मात्र त्यात कुठे जागा ठेवली नव्हती.

मग माझंही ठरलं. चंदगडमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी मी हेदवाडीचा सुधारित नकाशा गिरवला. तेरापैकी अकरा चर तिरके, प्रत्येकाच्या टोकाला सांडव्याची खूण. तो सरांच्या अहवालाला जोडला, नकाशा नोंदवहीत क्रमांक टाकला, शिक्का मारला, आणि या वेळी तिन्ही प्रती तीन वेगवेगळ्या टेबलांवर पोचवून पोच घेतली.

एप्रिलमध्ये सर निलंबित झाले. निवृत्तीला बेचाळीस दिवस राहिले असताना. निलंबित माणसाला निरोप समारंभ करायचा नसतो, असा काही नियम नाही. पण कुणी केला नाही. एकतीस मेला संध्याकाळी मी कळंब्याहून गडमुडशिंगीला गेले. सर अंगणात माती चाळत होते. त्यांच्या आई मीनाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “हार घालत्यात न्हवं रिटायर झाल्यावर?” मी म्हटलं, घालतात.  सर आत जाऊन पाणी घेऊन आले.

हेदवाडीचे सांडवे पाडण्याचा प्रस्ताव मेमध्ये निघाला होता, असं मला कळलं. तो तीन टेबलं फिरला. कारण लिहायच्या जागेवर कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून अजून फिरतो आहे.

यंदाच्या जुलैत चंदगडला गेल्या वर्षीपेक्षा जास्त पाऊस झाला. आम्हा बदलून आलेल्यांना कोल्हापुरात पूर नियंत्रण कक्षात बसवलं होतं. तालुक्यांतून फोनवर माहिती घ्यायची आणि तक्त्यात भरायची: मृत, जखमी, जनावरे, घरे, शेती. तिसऱ्या दिवशी दुपारी चंदगडचा तक्ता आला. हेदवाडी, सगळ्या रकान्यांत निरंक. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘अकरा सांडव्यांमुळे बचाव’. पर्यवेक्षकांनी ते खोडायला लावलं. निरंक असेल तिथे शेरा देत नाहीत म्हणाले. काही घडलंच नाही तर त्याचं कारण कशाला हवं?

मी कक्षाच्या बाहेर येऊन सरांना फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. म्हणाली, कालपासून रेडिओजवळ बसून आहेत, ताट वाढलं की सरकवून ठेवतात. मग सर फोनवर आले. मी म्हटलं, सर, हेदवाडी निरंक.

“पाणी कसलं पडतंय सांडव्यातनं?” त्यांनी विचारलं. “गढूळ का निवळ?”

ते मला माहीत नव्हतं. तक्त्यात ते नसतं. गढूळ असलं तर डोंगराची माती अजून सुटते आहे. निवळ असलं तर डोंगर जागेवर आहे. मी सयाजीला फोन लावला. तो म्हणाला, थांबा, आई वर गेलीया, तिला इचारतो. फोन चालूच होता. मला पाऊस ऐकू येत होता आणि धापा टाकत चढणाऱ्या सयाजीची पावलं. मग बयाबाईचा आवाज आला, फोनपासून लांब, पाण्याच्या आवाजावर ओरडून बोलणारा.

“निवळ हाय म्हणावं त्येंला. वंजळीत घेऊन बगितलं म्या. हातावरच्या रेघा दिसत्यात.”

सरांना पुन्हा फोन लावून मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले.   

“बरं झालं,” सर म्हणाले. “मग आता जेवतो.”

दुपारचे साडेतीन वाजले होते.